तेरचं कापड, अरबांची गलबतं

दुबईच्या जुन्या बाजारातून, तिथल्या भाषेत 'सूक'मधून, आपण केशर, खजूर, अत्तर आणतो. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र अरब व्यापारी आपल्याकडच्या बाजारात यायचे. आणि त्या बाजारात धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं कापड असायचं.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तेर 'तगर' नावानं येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर! इथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला जायची.

हाच ग्रंथ येमेनच्या मुझा बंदराबद्दलही सांगतो. तिथं अरब जहाजमालक आणि खलाशांची नुसती गर्दी, आणि त्यांची स्वतःची गलबतं थेट भडोचला यायची. तेरचं कापड मुझाच्या पेठेत विकलं गेलं, असं ग्रंथात लिहिलेलं नाही. पण गाडी आणि गलबत एकाच बंदरात भेटत होते, एवढं नक्की.

पुढे तगर कुठलं, हेच लोक विसरले. कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असं मांडलं.

परक्या व्यापाऱ्यानं गावाचं नाव टिपलं म्हणून ते आज सापडतं. विणकरांची नावं मात्र कुणीच टिपली नाहीत. तेरला गेलात, तर गोरोबाकाकांचं दर्शन घ्या आणि लामतुरे संग्रहालयही पाहा. त्या विणकरांच्या गावाची ओळख तिथं होते.