स्वतःसाठी पहिला स्वेटर : क्रोशाच्या सुईचा थोडा इतिहास आणि माझा दोनशे चाळीस रुपयांचा हिशेब



यंदा डिसेंबरात आमचं सम्मेद शिखरजीला जायचं ठरलं आहे. ज्या जाऊन आल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, वंदना मध्यरात्रीनंतर सुरू होते. नऊ किलोमीटर चढ, वर नऊ किलोमीटर टोंकांची परिक्रमा आणि नऊ किलोमीटर उतार, असे सत्तावीस किलोमीटर. पहाटेचा गारठा आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्यासारखा नसतो. घरातल्या सगळ्यांचे गरम कपडे बाहेर काढले तेव्हा लक्षात आलं की माझा असा एकही स्वेटर नाही. गेली कित्येक वर्षं मी मुलाचा जुना जर्किन घालते आहे.

क्रोशा मला दहाव्या वर्षापासून येतो. तोरणं केली, ताटावरचे रुमाल केले, टीव्हीचं कव्हर केलं, मंदिरात शास्त्राच्या चौरंगावर घालायला झालर केली, भाचरांची टोपडी तर मोजलीच नाहीत. स्वतःसाठी मात्र काही केलं नाही. असं का, याचा विचार करता करता मी या सुईचा इतिहास वाचायला लागले. त्यातलं जे मनाला लागलं ते आज सांगते. स्वेटरचा हिशेब शेवटी आहेच.

आकडा आला कुठून?

'क्रोशे' हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. आपण त्याचं क्रोशा केलं. ही कला फार प्राचीन असेल असं वाटतं, पण आज आपण करतो तसं क्रोशाकाम युरोपात साधारण 1800 च्या सुमाराला दिसू लागतं. 1820 च्या दशकात एका डच मासिकात क्रोशाच्या बटव्यांचे नमुने छापून आले होते.

काही अभ्यासक याची मुळं आपल्याकडे शोधतात. कच्छ-गुजरातेत मोची लोक चामड्यावर आकड्याच्या आरीने साखळी टाका घालत. तोच टाका पुढे रेशमी आणि सुती कापडावर आला, आणि ते भरतकाम जहाजांनी युरोपात जाऊ लागलं. अठराव्या शतकात तिकडच्या बायका ढोलासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून आकड्याने तसाच साखळी टाका घालू लागल्या. मग केव्हातरी कुणाच्या तरी लक्षात आलं की खाली कापड नसलं तरी साखळी सुटत नाही. साखळीत साखळी अडकवत गेलं तर कापडच तयार होतं. हा तर्क खरा असेल तर आपल्या हातातल्या सुईचं माहेर फार लांब नाही.

भुकेच्या वर्षांतली सुई

क्रोशाची खरी गोष्ट आयर्लंडमध्ये घडली. 1845 साली तिथे बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर होतं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली.

त्या काळात मठांतल्या जोगिणींनी आणि काही पाद्र्यांच्या बायकांनी गावच्या मुलीबाळींना क्रोशा शिकवायला घेतला. क्लोन्स या गावी कॅसांड्रा हँड नावाच्या बाईंनी हे काम उभं केलं, आणि त्या गावाच्या नावाची लेस आजही ओळखली जाते. क्रोशाच का? कारण भांडवल जवळपास लागतच नव्हतं. लेस विणायची तर उशी, टाचण्या, डझनावारी फिरक्या लागतात. क्रोशाला एक आकडा आणि सुताचं रीळ पुरतं. आकडाही विकत घ्यायची ऐपत नसली तर तार वाकवून लाकडी दांड्यात बसवायची. व्हेनिसच्या महागड्या लेसचे नमुने या बायकांनी आकड्यावर उतरवले. एकीने गुलाब करायचे, दुसरीने पानं, तिसरीने ते सगळे जाळीत जोडायचे. त्या पैशांवर कितीतरी घरांची चूल पेटली, आणि काहींनी त्यातूनच अमेरिकेच्या बोटीचं भाडं भरलं.

त्याच सुमारास लंडनमध्ये एलिनॉर रिएगो द ला ब्रांशार्दिएर नावाची तरुणी, जिची आई आयरिश होती, क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तकं छापू लागली. तोवर ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जायची, ती आता कागदावर आली. तरी श्रीमंत घरांत क्रोशाला 'गरिबांची नकली लेस' म्हणून नाकं मुरडली जात. पुढे खुद्द व्हिक्टोरिया राणीने म्हातारपणी हातात आकडा घेतला, आणि 1900 साली दक्षिण आफ्रिकेत लढणाऱ्या निवडक सैनिकांसाठी आठ स्कार्फ विणले. भुकेल्या बाईचा आणि राणीचा टाका एकच होता. मात्र राणीचे स्कार्फ पदकांसारखे जपले गेले आणि गुलाब करणारीचं नावही कुठे उरलं नाही.

नरसापूरच्या 'गृहिणी'

आता आपल्या देशात येऊ. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथे लेसकाम शिकवलं आणि ते घराघरांत रुजलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मारिया मिएस या जर्मन समाजशास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिल्या. त्यांनी जे पाहिलं त्याचं पुस्तक 1982 साली आलं.

त्यांना काय दिसलं? हजारो बायका घरात बसून दिवसाचे सहा-आठ तास क्रोशा करत होत्या. दलाल सूत आणून द्यायचा आणि तयार माल घेऊन जायचा, व्यापारी तो परदेशी पाठवायचे. बायकांच्या हाती जे पडायचं ते शेतमजूर बाईच्या किमान मजुरीपेक्षाही कितीतरी कमी होतं. आणि हे चालत कसं होतं? कारण त्यांना कुणी कामगार म्हणतच नव्हतं. त्या 'गृहिणी', आणि लेस म्हणजे त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. आपल्या घरची बाई शेतात राबत नाही, घरात बसते, ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. त्या प्रतिष्ठेची किंमत तिचे डोळे आणि तिची कंबर भरत होती. 2024 साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण आजही क्रोशा अस्सल म्हणावा असा यंत्रावर होत नाही. दुकानात शंभर रुपयांना क्रोशाचा टॉप दिसला की तो कुणीतरी हाताने केला आहे, आणि शंभरातले तिला किती मिळाले असतील, हे मनात येतंच.

हे वाचताना मला आमचं घर आठवलं. कुणी विचारलं, "आई काय करतात?" तर आम्ही म्हणायचो, "काही नाही, घरीच असते." आणि आई त्या वेळी हातात सुया घेऊन आमच्यापैकी कुणाचा तरी स्वेटर विणत असायची.

जुन्यातून नवं

स्वेटरच्या इतिहासातलं आणखी एक पान आपल्या कामाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात 1 जून 1941 पासून ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी 66 कूपनं, त्यातच कोट, बूट, सगळं. विणायच्या लोकरीलाही कूपन लागे. मग बायकांनी जुने स्वेटर उसवायला घेतले. लोकर धुवायची, ताणून वाळवायची आणि परत विणायची. मोठ्यांच्या स्वेटरातून मुलांचे, दोन फाटक्यांतून एक धडका. सरकारनेही 'आहे तेच दुरुस्त करा' अशा पुस्तिका काढल्या.

आपल्या आज्यांना हे सांगायला सरकार लागलं नाही. खुर्चीच्या पाठीवर लोकरीची लडी गुंडाळणं आणि लहान मुलाला समोर हात पसरून बसवणं तुमच्यापैकी कित्येकींनी केलं असेल.

लोकर की ऍक्रिलिक?

इथे मी अडले. नवी लोकर घ्यायची तर मेंढीचा प्रश्न येतो. कातरताना ती मरत नाही, पण मोठ्या कळपांत घाईघाईने कातरताना तिला जखमा होतात. रेशमाचं तर बोलायलाच नको, कोश उकळल्याशिवाय अखंड धागा निघत नाही. ऍक्रिलिकमध्ये प्राणी नाही, पण ते 1950 च्या सुमाराला बाजारात आलेलं पेट्रोलियमचं अपत्य. दर धुण्याला त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात, आणि पाण्यातही जीव आहेतच. सुती धागा मला सगळ्यांत आवडतो, पण सुती स्वेटर जड होतो, लोंबतो, आणि शिखरजीच्या थंडीला पुरत नाही.

आपल्याकडे गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आरंभी हिंसा, म्हणजे घर चालवताना होणारी, ती पूर्ण टळत नाही, पण यत्नाचाराने कमी करता येते. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की सगळ्यांत कमी कशात?

उत्तर ट्रंकेत होतं. आईने अण्णांसाठी विणलेला राखाडी स्वेटर आणि माझ्या मुलासाठी विणलेला मरून. अण्णा गेले, आई गेली, मुलगा सहा फूट झाला. मी ते दोन्ही दरवर्षी ऊन दाखवून परत ठेवत होते. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकत होते. एके दिवशी ट्रंक उघडली आणि मनात आलं, ही आठवण जपण्यासाठी मी दरवर्षी जीव मारायची सोय करते आहे. कुणी घालत नाही, कुणाला देत नाही, नुसतं धरून ठेवते. परिग्रह आणखी कशाला म्हणायचं?

तरी उसवायला हात होईना. चार दिवस ते पलंगावर पडून होते. आईच्या हातचे टाके मीच सोडायचे? मग तिची एक गोष्ट आठवली. थंडीत पहाटे मंदिरात जाताना ती अण्णांचा जुना कोट साडीवरून घालायची. सगळ्या घराला विणून तिने स्वतःला एकही स्वेटर केला नाही. तिने माझ्या अंगावर तिची लोकर पाहिली असती तर ती रागावली नसती. पाचव्या दिवशी मी कात्री घेतली आणि खांद्याची शिवण सोडली.

हिशेब

1. उसवायला हाताने विणलेलाच स्वेटर घ्या. तयार स्वेटरच्या कडा बहुधा कापून ओव्हरलॉक केलेल्या असतात, त्यातून नुसते तुकडे निघतात.

2. लडी बांधून गार पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत टांगा. धाग्याच्या सुरकुत्या जातात. माझी दोन्ही मिळून 410 ग्रॅम निघाली.

3. क्रोशाला दोन सुयांच्या विणीपेक्षा धागा जास्त लागतो, साधारण तिसरा हिस्सा अधिक. म्हणून 100 ग्रॅमचे दोन नवे गुंडे घेतले, पंचाण्णव रुपयांचा एक. पाच मिलिमीटरची सुई पन्नास रुपये. एकूण दोनशे चाळीस.

4. आधी चार इंची तुकडा विणून खांब मोजा. हे टाळू नका, पहिला स्वेटर इथेच बिघडतो. माझे चार इंचांत 14 खांब बसले. छाती 38, सैलपणाला चार इंच, झाले 42. त्याच्या निम्मे 21 इंच, म्हणजे 74 खांब.

5. घटवणं-वाढवणं काही नाही. 21 इंच रुंद आणि 22 इंच लांब असे दोन आयत, पुढचा आणि मागचा. 17 इंच रुंद आणि 16 इंच लांब अशा दोन बाह्या. गळ्याला दहा इंच सोडून खांदे शिवा, बाह्या लावा, बगला शिवा. काठाला दोन ओळी मुका खांब.

6. पहिल्यांदा करताना नक्षीच्या मोहात पडू नका. साधे खांब घट्ट न ओढता घाला, म्हणजे स्वेटर पुठ्ठ्यासारखा होणार नाही.

सहा आठवडे लागले. दुपारी दोन ते साडेतीन, रोज. या वेळात हाक आली की मी म्हणायचे, "थांबा, काम करते आहे." पहिल्या आठवड्यात सगळे हसले. तिसऱ्या आठवड्यात चहा आपापला व्हायला लागला.

स्वेटर काही फार देखणा झालेला नाही. डावी बाही बोटभर लांब आहे आणि राखाडीतून मरूनमध्ये जाताना एक गाठ दिसते. ती गाठ मी मुद्दाम आत वळवली नाही. अण्णांची लोकर तिथे संपते आणि नातवाची सुरू होते.

तुमच्याही ट्रंकेत असं काही असेल. काढा, बघा, कुणाच्या अंगाला होत असेल तर आजच देऊन टाका. नाहीतर उसवा. आणि या वेळी माप स्वतःचं घ्या.

जय जिनेंद्र.