मुलांच्या ताब्यात बदल हवा असेल तर...

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती पडला, की मुलांच्या ताब्याचा प्रश्नही कायमचा निकाली निघाला, अशी अनेक आई-वडिलांची समजूत असते. विशेषतः परस्परसंमतीने घटस्फोट घेताना घाईघाईत सहमतीच्या अटींवर सह्या केलेल्या पालकाला दोन-चार वर्षांनी त्या सह्यांचा पश्चात्ताप होतो. पण आता हात बांधले गेले, असे समजून तो गप्प बसतो. कायद्याची भूमिका मात्र वेगळी आहे. मुलाच्या ताब्याविषयीचा आदेश स्वभावतःच अंतिम नसतो.

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 26 नुसार घटस्फोटानंतरही न्यायालय मुलांचा ताबा, पोटगी व शिक्षण यांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलू शकते, स्थगित करू शकते किंवा रद्दही करू शकते. नोंदणी पद्धतीने विवाह केलेल्यांसाठी विशेष विवाह कायद्याच्या कलम 38 मध्ये अशीच तरतूद आहे. याखेरीज 1890 चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मीयांना उपलब्ध आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रोझी जेकब प्रकरणात सांगितले, की संमतीने झालेला आदेशही मुलाच्या हितासाठी बदलता येतो. 1997 मध्ये धनवंती जोशी प्रकरणात याच तत्त्वाचा पुनरुच्चार झाला; मात्र त्याला एक महत्त्वाची अट आहे. परिस्थितीत बदल झाला आहे आणि त्यामुळे ताबा बदलणे मुलाच्या हिताचे आहे, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. बहुतेक अर्ज अडखळतात ते याच ठिकाणी. पूर्वीच्या भांडणातील तक्रारी नव्याने उगाळणे म्हणजे बदललेली परिस्थिती नव्हे.

मग बदल कोणता? मुलाची आबाळ होणे, मारहाण, शाळा सुटणे, ताबा असलेल्या पालकाचे गंभीर आजारपण वा व्यसन, दूरच्या शहरी किंवा परदेशी स्थलांतर, ठरलेल्या भेटी सातत्याने नाकारणे ही त्याची उदाहरणे होत. केवळ दुसऱ्या पालकाने पुनर्विवाह केला किंवा आपला पगार वाढला, एवढ्यावर ताबा सहसा मिळत नाही. पैसा हा निकष असता, तर गृहिणी असलेल्या कित्येक मातांना मूल कधीच मिळाले नसते.

पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. मूल समजत्या वयाचे झाले, की त्याची इच्छाही विचारात घेतली जाते. 2010 मधील विक्रम वीर वोहरा प्रकरणात आईला नोकरीसाठी मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियाला जायचे होते. घटस्फोटानंतर असा बदल करता येणार नाही, हा वडिलांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. त्यापूर्वी न्यायमूर्ती आई-वडिलांच्या गैरहजेरीत, आपल्या दालनात मुलाशी स्वतः बोलले होते. अर्थात, पढवलेले मूल अनुभवी न्यायाधीशांच्या लवकर ध्यानात येते.

कलम 26 खालील अर्ज घटस्फोट देणाऱ्या न्यायालयात करायचा असतो. पालक व पाल्य कायद्याखाली मात्र मूल जेथे सामान्यतः राहते तेथील कौटुंबिक न्यायालयात आणि ते नसेल तर जिल्हा न्यायालयात जावे लागते. अर्जासोबत मूळ हुकूमनामा, सहमतीच्या अटी आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. शाळेची हजेरी, प्रगतिपुस्तक, औषधोपचाराची कागदपत्रे, भेटी नाकारल्याच्या तारखा हा पुरावा सुरुवातीपासून जपून ठेवावा. राज्यातील कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. ते मुलाशी आणि दोन्ही पालकांशी बोलतात व गरज वाटल्यास न्यायालय घराच्या पाहणीचा अहवालही मागवते.

या काळात मुलाला परस्पर उचलून आणण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. न्यायालयाचा आदेश मोडणाऱ्या पालकाची बाजू तेथेच लंगडी पडते. पूर्ण ताब्याऐवजी जास्त भेटी, सुट्टीतील मुक्काम किंवा व्हिडिओ कॉलची मागणी अनेकदा लवकर मान्य होते. यशिता साहू प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दूरसंपर्काला स्पष्ट महत्त्व दिले आहे.

ताबा बदलला तरी पोटगीचा आदेश आपोआप बदलत नाही. तोवर जुनी रक्कम देणे भाग असल्याने त्या बदलाची मागणी त्याच अर्जात करणे श्रेयस्कर.