याची तार कुठे जाते?

हेडफोन लावलेत? रात्री ऐकत असाल तर अजूनच छान, कारण आजची गोष्ट दिव्याची आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर.

तर झालं असं. आमची सोसायटी खारघरची. मागे डोंगर, पुढे रस्ता, मध्ये रुमालाएवढी बाग. दोन वर्षांपूर्वी त्या बागेत सोलरचे चौदा छोटे दिवे लावले. तेच ते, जमिनीत खोचायचे, वर काळी चकती आणि खाली प्लास्टिकची बरणी. पहिल्या दिवाळीत सगळी पोरं त्यांच्यासोबत सेल्फी काढत होती. दुसरा पावसाळा संपला तेव्हा चौदातले नऊ बंद. मग मीटिंग. ठरलं असं की हे सगळे काढून भंगारात द्यायचे, बाग खणून वायर टाकायची आणि नेहमीचे दिवे लावायचे. मीसुद्धा हात वर केला होता, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात आजी आमच्याकडे राहायला आली. आजी खालापूर तालुक्यातली, ऐंशीच्या पुढची. संध्याकाळी तिला बागेत फिरवत होते. चालू असलेल्या पाचांपैकी एका दिव्याजवळ ती थांबली, काठी टेकून वाकली आणि म्हणाली, "अगं, याची तार कुठे जाते?"

"तार नाहीच आजी. उन्हावर चालतो हा."

"तार नाहीच?" ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे उलट होतं. तारा होत्या, दिवा नव्हता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आजचा हा एपिसोड.

सुरुवात मुंबईपासून करू. खारघरला हार्बर लाइन पकडायची, सीएसएमटीला उतरायचं आणि चालत क्रॉफर्ड मार्केट गाठायचं. विजेचे दिवे लागलेली ही भारतातली पहिली इमारत असं मानतात. साल १८८२. त्याआधी मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे होते, आणि संध्याकाळी ते पेटवत फिरायला माणसं असायची. मार्केटमध्ये वीज आली खरी, पण ती देणारी कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मार्केट परत गॅसवर गेलं. म्हणजे आपल्याकडे विजेच्या दिव्याची सुरुवातच 'लाइट गेली'ने झाली म्हणायची!

एडिसनचा बल्ब तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता, १८७९ चा. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वाननेही त्याच सुमारास बल्ब बनवला होता. दोघांची कल्पना एकच. बारीक तंतूतून वीज सोडायची. विजेला त्यातून जाताना अडथळा होतो, तंतू तापतो, आणि इतका तापतो की उजळतो. अडचण एवढीच, की हवेत तो क्षणात जळून जाईल. म्हणून काचेच्या फुग्यातली हवा काढून घ्यायची. सुरुवातीला हा तंतू कार्बनचा होता. एडिसनने त्यासाठी जपानी बांबूसुद्धा वापरला. पुढे टंगस्टन आलं, जे वितळायला ३४०० अंशांहून जास्त तापमान लागतं. आपण लहानपणी बघितलेला पिवळा बल्ब तो हाच.

पण या बल्बची एक गंमत आहे. त्याला दिलेल्या विजेपैकी साधारण पाचच टक्के उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. आपल्याकडे पोल्ट्रीवाले पिल्लांना ऊब मिळावी म्हणून बल्ब लावतात ते उगाच नाही. तो दिवा कमी आणि शेगडी जास्त. आणि शेगडी पेटती ठेवायची तर मागे कुठेतरी भक्कम वीज तयार व्हायला हवी.

आता ती वीज कुठून आली? इथे आजीचं गाव येतं.

मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या. जमशेटजी टाटांच्या डोक्यात होतं की घाटावर कोसळणारा पाऊस अडवावा आणि त्यावर वीज करावी. ते १९०४ मध्ये गेले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाइपातून सुमारे पाचशे मीटर खाली आणायचं आणि त्या जोरावर चाकं फिरवायची. ती वीज सत्तरेक किलोमीटर लांब मुंबईत परळला न्यायची, तीही सुमारे एक लाख व्होल्टवर.

एक लाख कशाला? कारण तारेतून जाताना वीज थोडी वाया जाते, तार तापते. तेवढीच वीज जास्त व्होल्टने पाठवली तर करंट कमी लागतो आणि नुकसान खूपच कमी होतं. पण एक लाख व्होल्टच्या तारेला कोणी घरातला बल्ब जोडू शकत नाही. आधी सबस्टेशन हवं, ट्रान्सफॉर्मर हवा, खांब हवेत. तो खर्च गिरण्यांसाठी झाला, कारण गिरण्या पैसे मोजत होत्या. वाटेतल्या गावांसाठी कोण करणार?

तर आजीच्या लहानपणी शिवारात लोखंडी मनोरे उभे होते. ती सांगते, पावसात तारा गुणगुणायच्या. खरं आहे ते. हवा ओली असली की उच्च दाबाच्या तारांभोवती हलकीशी गळती होते आणि तिचा आवाज येतो. डोक्यावरून मुंबईचा उजेड गुणगुणत चाललाय, आणि खाली आजी घासलेटच्या चिमणीवर चौथीची बेरीज-वजाबाकी करतेय. घासलेट संपलं की अभ्यास संपला. चौथीनंतर शाळाच संपली, पण ती वेगळी गोष्ट.

बरं, नुसती तार डोक्यावरून गेली त्यांचं तसं कमीच गेलं. घाटापलीकडे मुळशीला काय झालं ते बघा. तिथे टाटांच्या धरणासाठी मावळातली भातखाचरं आणि गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. त्यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यातून. हा लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झालं. त्या पाण्यावर रायगडातलं भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. खाचरं गेली मावळची, वीज गेली मुंबईला.

मी हे टाटांना शिव्या घालायला सांगत नाहीये. त्या विजेने गिरण्यांच्या धुराला पर्याय दिला, पुढे ट्रेन आणि कारखाने चालवले, माझ्या आजोबांना नोकरीसुद्धा दिली. माझा मुद्दा साधा आहे. दिवा कोणाच्या घरी लागणार हे नुसतं वीजघर कुठे आहे यावर ठरत नाही. तार कुठे जाते यावर ठरतं. आजीने नेमकं तेच विचारलं होतं.

तिच्या सासरी वीज आली सत्तरच्या दशकात, तिचं लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागली तेव्हा. मी विचारलं, पहिल्या रात्री काय वाटलं? मला वाटलं आनंद, पेढे वगैरे काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "भिंती दिसल्या गं. इतकी वर्षं धुराने किती काळ्या केल्या होत्या ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम सारवायचं केलं."

हे सगळं जुनं झालं असं वाटतंय? मग घारापुरीला या. एलिफंटा हो, जागतिक वारसा, शाळेची सहल! आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं बेट. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला जेएनपीटी बंदर, दोन्हीकडे रात्रभर लखलखाट. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं. त्यांच्याकडे संध्याकाळी काही तास चालणारा जनरेटर. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणची वीज तिथे पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. २०१८! तुमच्यातल्या बहुतेकांच्या हातात तेव्हा स्मार्टफोन आला होता.

आता परत आमच्या बागेत. हा बिनतारेचा दिवा चालतो कसा?

वरची काळी चकती म्हणजे सिलिकॉनचा सोलर सेल. अमेरिकेत बेल लॅब्जने १९५४ मध्ये पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला, तो उन्हातली सहा टक्के ऊर्जा विजेत बदलायचा. दिवा म्हणजे एलईडी. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण निळा बनायला नव्वदचं दशक उजाडलं. निळ्या उजेडावर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. म्हणूनच निळा एलईडी करणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. सोलर सेल आणि एलईडी हे सख्खे भाऊ आहेत. दोन्हीकडे दोन प्रकारच्या अर्धवाहकांचा सांधा असतो. एका भावावर उजेड पडला की वीज निघते. दुसऱ्याला वीज दिली की उजेड निघतो. मध्ये एक छोटा रिचार्जेबल सेल, दिवसाचं रात्रीला पोहोचवणारा निरोप्या.

तो किती छोटा? आमच्या दिव्यातला १.२ व्होल्टचा, ६०० एमएएच. तुमच्या फोनची बॅटरी याच्या वीसपट तरी मोठी असेल. एवढ्याशा विजेवर हा मिणमिणता एलईडी आठ-दहा तास चालतो. तीच वीज जुन्या चाळीस वॅटच्या बल्बला दिली असती, तर तो जेमतेम एक मिनिट पेटला असता. म्हणजे बिनतारेचा दिवा शक्य झाला तो फक्त उन्हामुळे नाही. उजेडाला लागणारी वीजच इतकी कमी झाली, म्हणून.

अंधार पडला हे त्याला कळतं कसं? वेगळा सेन्सर नसतो. चकतीकडून वीज यायची थांबली की आतली चिप समजते, रात्र झाली. मग ती १.२ व्होल्टचे वाढवून साधारण तीन करते, कारण पांढऱ्या एलईडीला तेवढे लागतात.

एवढं समजल्यावर एका रविवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. आजी समोर खुर्चीवर. बंद पडलेले नऊ दिवे. एक तर बिघडलेलाच नव्हता! गेटजवळच्या खांबाच्या उजेडाने त्याला रात्र झाली हेच कळत नव्हतं. उचलून झाडामागे लावला, झाला सुरू. सहांचे सेल म्हातारे झाले होते. असे सेल दर एक-दोन वर्षांनी बदलावेच लागतात, त्यात पावसाळ्यात धड चार्जिंग नाही आणि मे महिन्यात ऊन भाजतं. नवे रिचार्जेबल सेल आणले, एकेक शंभर रुपयांच्या आसपास. (साधे सेल घालू नका, ते चार्जिंगसाठी नसतात, गळतात.) चकत्यांवर बांधकामाच्या धुळीचा थर होता, तो ओल्या फडक्याने पुसला. उरलेल्या दोघांच्या आत पाणी शिरून सगळं गंजलं होतं, ते खरंच गेले.

सोलरची उगाच आरती मला ओवाळायची नाही. हा दिवा वाट दाखवतो, त्याखाली पुस्तक वाचता येत नाही. जुने सेल ई-कचऱ्यातच द्यावे लागतात. आणि तार गेली तरी एक प्रश्न उरतोच, बिघडल्यावर कोण बघणार? आयआयटी मुंबईने गावोगावच्या मुलांना अभ्यासासाठी सोलर दिवे दिले तेव्हा मला आवडली ती हीच गोष्ट. दिवे जोडण्याचं आणि दुरुस्तीचं काम त्यांनी तिथल्याच लोकांना शिकवलं. महाराष्ट्रासह चार राज्यांत असे दहा लाख दिवे गेले. आजीच्या चौथीच्या वर्षी असा एक असता, तर? मी तिला विचारलं नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी बारा चालू दिवे दाखवले. बाग खणायचं रद्द झालं. एका काकांनी विचारलं, दर वर्षी सेल कोण बदलणार? मी म्हटलं, मी. आता अडकले आहे.

त्या रविवारी दुपारी शेवटचा दिवा जोडून झाला, पण ऊन असल्याने तो लागेना. मी आजीला म्हटलं, चकतीवर हात ठेव. तिने तळहात ठेवला. दिवा लागला. हात काढला, विझला. परत ठेवला. असं तिने चार-पाच वेळा केलं, आणि मग तो दिवा तिने गावी नेण्यासाठी पिशवीत भरला. म्हणून बागेत आता अकराच आहेत.

तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर आज त्यांना विचारा, त्यांच्या गावात तार कधी आली आणि पहिल्या रात्री त्यांना काय दिसलं. मला व्हॉइस नोट पाठवा, निवडक उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन. भेटूच. आणि हो, झोपताना दिवा बंद करा!