प्रश्न न वाचता दिलेलं उत्तर

छत्तीस वर्षं मी वर्गात एक वाक्य म्हणत आलो. "आधी प्रश्न वाचा, मग लिहा." नागरिकशास्त्राच्या पेपरात पानंच्या पानं भरून भलतंच लिहिणाऱ्या पोट्ट्यांना मी भोपळाही दिलेला आहे. निवृत्तीनंतर मात्र तोच भोपळा माझ्या पदरात पडला. ती हकीकत आज लिहून ठेवतो.

फेसबुकनं २०१३ साली इंटरनेट डॉट ऑर्ग हा उपक्रम जाहीर केला. विकसनशील देशांतल्या लोकांना मोबाइलवर काही निवडक संकेतस्थळं फुकट द्यायची, अशी कल्पना. २०१४ मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात त्याचं ॲप आलं. १० फेब्रुवारी २०१५ ला, रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीनं, ते भारतात आलं. पहिल्या काही राज्यांत आपला महाराष्ट्र होता, भाषांमध्ये मराठीही होती. बातम्या, हवामान, नोकऱ्या, आरोग्य अशी तीसेक संकेतस्थळं, आणि अर्थातच फेसबुक. त्यापलीकडे पाऊल टाकलं की पैसे.

घाटंजीकडचा माझा एक जुना विद्यार्थी कोरडवाहू कापूस पिकवतो. त्याच्याकडे त्याच कंपनीचं सिम होतं. "सर, रिचार्ज नसला तरी हवामान दिसते," असं तो कौतुकानं सांगायचा. मलाही कौतुक वाटायचं.

सप्टेंबरात या योजनेचं नाव फ्री बेसिक्स झालं. डिसेंबरात दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, लोकांची मतं मागवली. त्याच सुमारास फेसबुकवर आवाहन आलं, फ्री बेसिक्स वाचवा, ट्रायला कळवा. मजकूर तयार, आपण फक्त बटण दाबायचं. मी त्या विद्यार्थ्याला आठवून दाबलं. २८ डिसेंबरला मार्क झुकरबर्ग यांचा लेख टाइम्स ऑफ इंडियात आला. ग्रंथालयात सगळी पुस्तकं नसतात, तरी त्याचा उपयोग होतोच, असा त्यांचा मुद्दा. महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखलाही त्यात होता. मी म्हटलं, आपण बरोबर केलं.

जानेवारीत ट्रायची तक्रार वर्तमानपत्रांत आली. लाखो पत्रं एकाच साच्याची होती, आणि विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यांत नव्हती. मी चपापलो. नातीकडून तो कागद उघडून घेतला. फ्री बेसिक्स हवं का, असं ट्रायनं विचारलंच नव्हतं! पहिलाच प्रश्न होता तो असा: वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी कंपन्यांना वेगवेगळे दर लावू द्यावेत का?

मग ग्रंथालयाचा दाखलाही मला निराळा दिसू लागला. शाळेचं ग्रंथालय मी बारा वर्षं सांभाळलं. आमचंही कपाट लहानच होतं, पण त्यात काय ठेवायचं हे प्रकाशक ठरवत नव्हता. इथे पुढे अटी पाळणाऱ्या सर्वांना प्रवेश खुला झाला, तरी अटी फेसबुकच्याच, आणि त्यांचं स्वतःचं पुस्तक वरच्या खणात. उद्या त्यांचं पान फुकट आणि तुमचं-माझं पान वाचायला पैसे, असं झालं तर आपल्याकडे कोण फिरकेल?

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं असे वेगवेगळे दर बंद केले. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. तीन दिवसांत फ्री बेसिक्स भारतातून गेलं.

मी हे सारं त्या विद्यार्थ्याला उत्साहानं समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या घरी नेटची तार हाय. आमचं होतं तेबी गेलं. तत्त्व तुमाले परवडते."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, नेमकं शिक्षकदिनी, जिओ सुरू झालं. रोजच्या मर्यादेत, पण कोणतंही संकेतस्थळ, मार्च २०१७ पर्यंत फुकट. पुढे दरही पडले. आता तो मला कापसाच्या भावाचे व्हिडिओ पाठवतो. पण तत्त्वामुळे त्याला नेट मिळालं, असं मी म्हणणार नाही. ते कंपन्यांच्या स्पर्धेतून मिळालं. तत्त्वानं एवढंच केलं की जे आलं ते अख्खं आलं. मधले कोरडे महिने मात्र त्यानं काढले, मी नाही.

असो. आता कुठलंही आवाहन आलं की मी आधी प्रश्न शोधतो. तुमच्यापैकी कुणी ते बटण दाबलं होतं का? जरूर कळवा.