‘दिवा’ या शब्दाची लांबी

ठाणें जिल्ह्यांतील दिवा हें रेल्वेचें जंक्शन आहे. मुंबई-कल्याण हा मुख्य मार्ग आणि वसई-पनवेल हा मार्ग येथें एकत्र येतात. अशा ठिकाणीं एका गाडीची वेळ बदलावयाची, तर दुसऱ्या चार गाड्यांचा विचार आधीं करावा लागतो. संगणकांतील नव्या भाषेच्या आगमनाचा इतिहासहि असाच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हें यंत्र १९६० सालीं कार्य करूं लागलें. त्याचे कार्यक्रम त्या एकाच यंत्रासाठीं लिहिले जात. भाषेची नवी आवृत्ति इतरांस पोंचविण्याचा प्रश्न उद्भवतच नव्हता. १९६४ सालीं तेथें सीडीसी ३६०० हें यंत्र आलें व फोर्ट्रान भाषा वापरांत आली. भाषा यंत्रापासून सुटी झाली. तेव्हांच ती प्रत्येक यंत्रावर नीट बसवून देण्याचें कामहि जन्मास आलें.

पुढें २० फेब्रुवारी १९९१ रोजीं गिडो व्हान रोसम यांनीं पायथन ही भाषा प्रथम प्रसिद्ध केली. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं इयन मर्डॉक यांनीं डेबियन या कार्यप्रणालीची घोषणा केली. डेबियनसाठीं पॅकेज करणारा स्वयंसेवक भाषेचा मूळ मजकूर मिळवितो, त्याची सही तपासतो, तो यंत्रभाषेंत आणतो, कोणती फाइल कोठें ठेवावयाची तें ठरवितो आणि हें पॅकेज दुसऱ्या कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे त्याची यादी जोडतो. प्रथम तें ‘अनस्टेबल’ विभागांत जातें. तेथें इतरांची मोडतोड झाली नाहीं, तरच ‘टेस्टिंग’मध्यें व शेवटीं ‘स्टेबल’मध्यें त्याचा प्रवेश होतो.

या व्यवस्थेची खरी कसोटी ३ डिसेंबर २००८ रोजीं लागली. त्या दिवशीं पायथनची तिसरी आवृत्ति निघाली, आणि दुसऱ्या आवृत्तीचे अनेक कार्यक्रम तिच्यांत चालेनात. हा बदल विनाकारण नव्हता. जुन्या आवृत्तींत साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ असे. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें एकेक चिन्ह तीन बाइट घेतें. ‘दिवा’ या शब्दांत द, वेलांटी, व आणि काना अशीं चार चिन्हें. म्हणून लांबी विचारली असतां उत्तर १२ येई. पहिले चार बाइट कापून घेतले, तर ‘द’पुढें वेलांटीचा निरर्थक तुकडा लोंबकळत राही. नव्या आवृत्तींत उत्तर ४ येऊं लागलें. मराठी लिहिणाऱ्यास हा मोठाच लाभ होता.

परंतु जुनें एकदम टाकतां येईना. फेडोरा या कार्यप्रणालींत पॅकेजें बसविणारें ‘यम’ हें साधनच पायथनच्या दुसऱ्या आवृत्तींत लिहिलेलें होतें. २०१५ सालीं त्याच्या जागीं ‘डीएनएफ’ आलें, व त्याच वर्षीं तें तिसऱ्या आवृत्तीवर चालूं लागलें. आर्च या प्रणालीनें मात्र २०१० सालींच ‘पायथन’ हें नांव तिसऱ्या आवृत्तीस देऊन टाकलें. त्यामुळें एकच आज्ञा दोन यंत्रांवर दोन अर्थ देऊं लागली. डेबियननें सावकाशीचा मार्ग पत्करला. दोन्ही आवृत्त्या निरनिराळ्या नांवांनीं शेजारीं शेजारीं ठेवल्या आणि अवलंबून असलेलीं पॅकेजें एकेक करून पुढें आणलीं. १ जानेवारी २०२० रोजीं दुसऱ्या आवृत्तीची देखभाल संपुष्टांत आली. १० जून २०२३ रोजीं निघालेल्या बाराव्या डेबियनमधून ती पूर्णपणें वगळली गेली.

सुधारणा जाहीर करण्यास एक दिवस पुरला. ती सर्वांच्या घरीं सुखरूप पोंचविण्यास जवळजवळ पंधरा वर्षें लागलीं. शोध लावणाऱ्याचें नांव इतिहास लक्षांत ठेवतो. परंतु गाडी बदलतांना एकहि उतारू मागें राहूं नये म्हणून झटणाऱ्यांचें श्रेय तितकेंच मोठें आहे. आणि काम अद्याप संपलेलें नाहीं. शाळेंतील मूल ‘दिवा’ या शब्दांत दोनच अक्षरें मोजतें; यंत्र आपण होऊन अजून चारच मोजतें.