शांबेरीचे हत्ती आणि मोंद्यूजची द्राक्षे

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात गेलेला पाहुणा भोजनगृहातील चांदीच्या आगगाडीपाशी थांबतोच. मेजावर रूळ, रुळांवर गाडी आणि गाडीत मद्याच्या सुरया! १८७४ साली बांधून झालेल्या या वाड्यात युरोपची खाण्यापिण्याची तऱ्हा थाटाने नांदली. परंतु शिंद्यांच्या दौलतीचा युरोपातील एका द्राक्षभूमीशी आलेला संबंध त्याहून नव्वद वर्षांनी जुना आहे.

महादजी शिंद्यांची कवायती पलटणे उभारणारा बेन्वा डी बॉयन आपल्याकडे सरसकट ‘फ्रेंच सेनापती’ म्हणून ओळखला जातो. त्याचा जन्म १७५१ साली सव्हॉय प्रांतातील शांबेरी गावी झाला, आणि सव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हताच. तो सार्डिनियाच्या राजाचा मुलूख होता. १७८४ मध्ये डी बॉयन महादजींच्या चाकरीत आला. १७९० साली पाटण व मेडता येथे त्याच्या पलटणींनी राजपूत फौजांचा पराभव केला. १७९४ मध्ये महादजी निवर्तले. पुढच्याच वर्षी त्याने नोकरी सोडली आणि अमाप संपत्तीनिशी तो युरोपात परतला. १८३० साली शांबेरीतच त्याचा अंत झाला. १८३८ मध्ये तेथे त्याचे स्मारक उभे राहिले. उंच स्तंभावर तो स्वतः आणि खाली चार दिशांना तोंडे केलेले चार हत्ती!

या शांबेरीजवळच आर्बें नावाचे गाव आहे. तेथील लाल वाइन मोंद्यूज नावाच्या काळ्या द्राक्षांची होते. रंग गडद जांभळा, वास मिऱ्याची आठवण देणारा आणि चव चांगलीच तुरट. तिच्या जोडीला सव्हॉयचा माणूस डुकराच्या मांसाचे चरबीदार सॉसेज, शिकारीचे मांस, मुरलेले चीज आणि मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे पोलेंता, घेतो. यामागे साधे कारण आहे. कोऱ्या चहात दूध घातले की त्याचा तुरटपणा जसा निवतो, तसा वाइनचा तुरटपणा मांसाने व चीजने निवतो. तिखटाने मात्र उलट होते. जिभेची आग वाढते. म्हणून कोल्हापुरी तांबड्या रश्श्याशी या वाइनचे जमायचे नाही. कमी तिखटाच्या, तुपावर परतलेल्या मटणाशी जमेल.

सव्हॉय हा सीमेवरचा प्रदेश. १७९२ मध्ये तो फ्रान्सने घेतला, १८१५ पर्यंत पुन्हा सार्डिनियाकडे गेला आणि १८६० मध्ये कायमचा फ्रान्सला जोडला गेला. निशाणे बदलली, दरबारी कागद बदलले; पोलेंता आणि मोंद्यूज राहिली. खरे संकट आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फायलोक्सेरा नावाची, वेलीची मुळे खाणारी अमेरिकन कीड युरोपभर पसरली आणि मळेच्या मळे वाळले. उपाय सापडला तोही अमेरिकनच : किडीला दाद न देणाऱ्या तिकडच्या खुंटावर इकडच्या वेलीचे कलम बांधायचे. मोंद्यूजची लागवड फार घटली, तरी ती नामशेष झाली नाही.

या घराण्याचा एक धागा महाराष्ट्रातही पोहोचला आहे. नाशिकच्या मळ्यांत आज शिराझ द्राक्षे पिकतात. शिराझ, म्हणजेच सिरा, हे पांढऱ्या मोंद्यूजचे अपत्य असल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. आणि ही पांढरी मोंद्यूज आर्बेंच्या काळ्या मोंद्यूजची अगदी जवळची नातलग आहे.

आपणा सीमेवरच्या मराठी माणसांना या कथेत ओळखीचे काही सापडावे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरजवळ तळ दिला आणि त्या तळाचेच ‘लष्कर’ शहर झाले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात गेले, १९५६ मध्ये मध्य प्रदेशात. कचेरीची भाषा हिंदी. पण त्याच वस्तीत आजही मराठी घरांतून पुरण शिजते. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. खुंट दुसऱ्या मातीचा असला तरी फळ कलमाच्या जातीचे येते, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. मात्र कलम जपावे लागते. आणि आपल्याकडे ते जपण्याची जागा म्हणजे रोजचे ताट आणि त्या ताटाभोवती मुलांशी होणारे बोलणे.