शर्टावरची कॉफी: कार्ल श्रांत्सला ऑलिम्पिकमधून घरी का पाठवलं?



आज एका सोप्या प्रश्नानं सुरुवात करतो. खेळाडूनं खेळातून पैसे कमवावेत का? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? आयपीएलचा लिलाव आपण जेवता जेवता बघतो. पण १९७२ मध्ये याच प्रश्नावरून एका खेळाडूला ऑलिम्पिकच्या उंबरठ्यावरून परत पाठवलं होतं. पुरावा काय, तर एक फोटो. फुटबॉल खेळताना त्यानं घातलेला शर्ट, आणि त्या शर्टावर एका कॉफीची जाहिरात.

त्याचं नाव कार्ल श्रांत्स. जन्म १९३८, ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग डोंगरातलं सांक्ट आंटोन हे गाव. वडील रेल्वेत कामगार, घरची परिस्थिती बेताची. पण तिथल्या पोरांना बर्फ फुकट होता! आपल्याकडे गल्लीत क्रिकेट, तसं तिकडे उतारावर स्की.

अल्पाइन स्कीइंग म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगतो. डाउनहिलमध्ये डोंगरावरून सुसाट खाली यायचं. स्लॅलममध्ये जवळजवळ रोवलेल्या काठ्यांच्या मधून नागमोडी वळणं घेत उतरायचं. त्या काठ्यांच्या जोडीला म्हणतात गेट. एक गेट जरी चुकलं तरी बाद.

श्रांत्स यात राजा माणूस. १९६२ मध्ये डाउनहिलचा जगज्जेता. स्वित्झर्लंडमधली लाउबरहॉर्नची प्रसिद्ध डाउनहिल शर्यत त्यानं ४ वेळा मारली. १९६९ आणि १९७० असा सलग दोनदा वर्ल्ड कपचा एकूण विजेता. फक्त एक गोष्ट राहिली होती, ऑलिम्पिकचं सुवर्ण. १९६४ ला इन्सब्रुकमध्ये, म्हणजे घरच्याच मैदानावर, जायंट स्लॅलममध्ये रौप्यावर समाधान मानावं लागलं.

मग आलं १९६८. फ्रान्समधलं ग्रनोबल. स्लॅलमच्या दिवशी दाट धुकं. दुसऱ्या फेरीत श्रांत्स मध्येच थांबला. म्हणाला, धुक्यातून कुणीतरी माझ्या वाटेत आडवं आलं. पंचांनी पुन्हा उतरायची परवानगी दिली. तो उतरला, आणि फ्रान्सच्या ज्याँ-क्लोद किलीपेक्षा त्याची वेळ सरस ठरली. सुवर्ण मिळालं असं वाटलं, पण थोड्याच तासांसाठी! नंतर निर्णय फिरला. ती व्यक्ती दिसण्याच्या आधीच त्यानं गेट चुकवली होती, असं ठरवून त्याला बाद केलं. सुवर्ण किलीला. किलीचं ते त्या स्पर्धेतलं तिसरं सुवर्ण. धुक्यात नेमकं काय घडलं, यावर लोक आजही भांडतात.

श्रांत्सनं हार मानली नाही. १९७२ ला वयाच्या ३३ व्या वर्षी तो जपानमधल्या साप्पोरोला पोचला. शेवटची संधी.

आता एंट्री एव्हरी ब्रुंडेज यांची. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अमेरिकन अध्यक्ष. त्यांचं ठाम मत, खेळाडू हौशीच हवा, खेळाचा एक पैसाही त्याच्या खिशात जाता कामा नये. आता खरं सांगायचं तर त्या काळात स्की बनवणाऱ्या कंपन्या बड्या स्कीपटूंना पैसे द्यायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण शिक्षा कुणाला? एकट्या श्रांत्सला. उद्घाटनाला जेमतेम तीन दिवस असताना समितीनं मतदान करून त्याला बाहेर काढलं. बाकीचे खेळले.

मला आधी वाटायचं, ब्रुंडेज म्हणजे बड्या घरचा माणूस, त्याला गरिबी काय कळणार. वाचत गेलो तर उलटंच निघालं. वडील घर सोडून गेलेले, लहानपण नातेवाइकांकडे. पुढे बांधकामाच्या धंद्यात पैसा कमावला. १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये ते स्वतः उतरले होते. म्हणजे हा माणूस ढोंगी नव्हता, मनापासून मानत होता. पण मला जमलं म्हणजे सगळ्यांना जमेल, हे गणित काही बरोबर नाही. वर्षातले कितीतरी महिने बर्फावर घालवणारा कामगाराचा पोरगा पगार कुठून आणणार?

इथे मला आपले खाशाबा जाधव आठवतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्य घेऊन आले. आणि गंमत बघा, ब्रुंडेज अध्यक्ष म्हणून निवडले गेले ते त्याच वर्षी, त्याच हेलसिंकीत! हौशी खेळ फुकट नसतो, मंडळी. त्याचं बिल कुणीतरी भरतंच. कधी कंपनी, कधी सरकार, कधी घर गहाण ठेवणारे एखादे सर.

श्रांत्स व्हिएन्नाला परतला तेव्हा रस्त्यांवर तोबा गर्दी. रेडिओ-टीव्हीनं हवा तापवली होतीच. चॅन्सलर ब्रुनो क्रायस्की यांनी कार्यालयात स्वागत केलं, खाली चौकात लाखाच्या घरात लोक. पदक नाही, शर्यत नाही, तरी मिरवणूक विजेत्याची! त्यानंतर त्यानं स्पर्धा सोडली.

ब्रुंडेजही त्याच वर्षी पायउतार झाले. दोनच वर्षांनी ऑलिम्पिकच्या नियमांतून ‘हौशी’ हा शब्द गेला. १९८० च्या दशकात व्यावसायिक खेळाडूंना दार उघडलं. पण श्रांत्सचं वय कुणी परत आणून देणार नव्हतं.

नियम चुकीचा होता हे जगाला उमगतं, पण ज्याच्यावर तो चालवला त्याची शर्यत परत भरत नाही. पुढच्या वेळी एखादा खेळाडू जाहिरातीत दिसला आणि ‘पैशासाठी खेळतो’ असं टाइप करायला बोट शिवशिवलं, तर त्या कॉफीच्या शर्टाची आठवण ठेवा. आणि खाशाबांच्या त्या ७,००० रुपयांचीही.

भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा!